येवल्याची पैठणी आणि उगाच ब्रेक मारणारी गाडी

नांदूर नाका मागे पडला आणि गाडी टुंग-टुंग करू लागली. "काय झालं हिला?" हे वैतागले. मी म्हटलं, "पट्टा सोडून चाललाय तुम्ही." रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की ही नवी गाडी ओरडते आणि समोर काही आडवं आलं की स्वतःच ब्रेक मारते. ह्यांची नजर अधू झालीय, म्हणून मुलानं मुद्दाम अशी घेतली. भाचीची पैठणी येवल्याहून घेऊन नीट परत आलो, तर पुढेही गाडी हेच चालवणार, असं बापलेकांनी ठरवून टाकलं होतं. शेजारी बसणार मी, पण मला कोण विचारतो!

चांदोरीला मिसळ खाल्ली. डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय, तरी ह्यांनी तर्री (वरचा लालभडक रस्सा) दोनदा मागितली.

निफाडच्या पुढे अर्ध्या रस्त्यावर मका वाळत घातला होता, भोवती दगड मांडून. आपण बाजूनं निघून जातो. गाडीनं मात्र दगड पाहून भर रस्त्यात कचकन ब्रेक मारला. मागचा मोटारसायकलवाला आदळता आदळता वाचला आणि आमचा उद्धार करून गेला. मका राखणारी बाई उठून आली. "ओ बाबा, मका हाय त्यो, म्हैस नाय! जा की कडंनं!"

ह्यांनी तावातावानं बटण दाबून तो ब्रेक बंद केला. "यंत्रापेक्षा माणूस बरा," म्हणाले. मलाही पटलं.

येवल्यात विणकराच्या घरी मागावरच्या पैठण्या पाहिल्या. मोरपंखी घेतली, जेवलो आणि परत निघालो.

विंचूर सोडलं तेव्हा उतरतं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. रस्त्याच्या मधोमध कांद्याची ट्रॉली उभी होती. समोरून आलेल्या ओळखीच्याशी ट्रॅक्टरवाल्याच्या निवांत गप्पा चालल्या होत्या. ह्यांचा वेग कमी होईना. मी "अहो!" म्हणेपर्यंत गाडीनंच करकचून ब्रेक मारला. पैठणीची पिशवी माझ्या पायांत येऊन पडली. ट्रॉली हातभर अंतरावर होती.

ट्रॅक्टरवाला वळून म्हणाला, "काका, एवढी मोठी ट्रॉली दिसंना व्हय?"

"बघ, वेळेवर दाबला मी," हे मला म्हणाले.

"तुमचा पाय ब्रेकवर नव्हताच. बटण बंद केलं तरी गाडी पुन्हा सुरू केली की ते आपोआप चालू होतं. मुलानं दोनदा सांगितलं होतं."

संताप कुणावर काढावा मला कळत नव्हतं. मक्याला घाबरणाऱ्या त्या बावळट गाडीमुळे आम्ही जिवंत होतो.

घरी पोचतो न पोचतो तोच मुलाचा फोन आला. "बाबा, कशी वाटली गाडी?"

"बरी आहे. उगाच ब्रेक मारते अधूनमधून."

बोलता बोलताच ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात ठेवली. मला गाडी चालवता येत नाही. मी किल्ली कनवटीला खोचली आणि चहा टाकायला गेले.