मंतशाची पाखरं

मंतशासोबत काम करायचं म्हणजे डोक्याला ताप. हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय आणि तिनं ते हसण्यावारी नेलंय. मी लीलाधर, जळगावातल्या एका मुलांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दमा आणि छातीच्या इतर दुखण्यांनी बेजार झालेल्या पोरांकडून व्यायाम करून घेणं हे माझं काम. पोरं माझ्यासमोर गोडीनं करतात आणि घरी गेली की विसरतात. म्हणून आमच्या डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर व्यायामाचा खेळ करायचं ठरवलं आणि मेहरूण भागातल्या मंतशाला माझ्या गळ्यात मारलं.

तिचे वडील जहांगीरभाई शिलाईकाम करतात, आई मदिना काज-बटण करते. त्याच खोलीत एका कोपऱ्यात मंतशाचा कॉम्प्युटर. मशीनच्या खडखडाटात ही लोकांना गेम करून देते. लहानपणी हिलाही दमा होता, आता नाही. पण दम्याच्या पोरांविषयी सगळं आपल्यालाच कळतं, असा हिचा पक्का समज.

माझी मागणी साधी होती. हात वर, बाजूला पाऊल, जागच्या जागी उडी, आणि दम लागला की थांबून, ओठांचा चंबू करून सावकाश फुंकर. हिनं त्याचं शेत केलं. फोन स्टुलावर उभा करायचा. पडद्यावर आपलंच अंगण दिसतं, अंगणात आपण दिसतो, आणि आपल्याभोवती ज्वारी उगवते. कणसांवर पाखरं उतरली की ती हातवारे करून, उड्या मारून हाकलायची. फुंकर घालायची वेळ आली की पाखरं आपोआप लांब जातात. चांगलं होतं, नाही म्हणत नाही. पण एका पोरानं जांभई दिली म्हणून हिनं अख्खा टप्पा काढून टाकला. पाखरांच्या शेपट्यांवरून आम्ही आठवडाभर भांडलो. मग पालक म्हणाले, आमच्या मुलींचे व्हिडिओ कुठे जातील कुणास ठाऊक. तर हिनं कुणाचं चित्रच साठवलं जाणार नाही अशी सोय केली. दवाखान्याकडे फक्त गुण यायचे. ते मात्र बरोबरच केलं तिनं.

गुणांत सगळ्यांच्या पुढे होता तेजस, धुळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातला. आईवडील सुरतेला कामाला, पोरगा आजीकडे. आजी भिकुबाई त्याला एसटीनं तपासणीला आणायची. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथवर चालवत नाही म्हणून त्याचं जाणं बंदच झालेलं. तो पुन्हा पायी शाळेत जावा, एवढ्यासाठीच सगळी धडपड. मंतशा त्याचे गुण बघून खूश. पण तपासणीला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं की मध्यावरच तो भिंत धरून बसायचा. डॉक्टरीणबाई वैतागल्या. सगळ्यात जास्त खेळणारा पोरगाच जर तिथल्या तिथे, तर हा खेळ काय कामाचा? बंद करा म्हणाल्या. मीही मान डोलावली. मंतशा ऐकेल तर ना! त्याच्या घरी जाऊन बघू म्हणाली, आणि रविवारी सकाळी मला एसटीत बसवलं.

आम्ही न सांगता गेलो. अंगणात स्टूल, स्टुलावर फोन. आणि फोनसमोर नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून भिकुबाई उड्या मारत होती. दोन्ही हात वर, तोंडानं हाऽऽ हाऽऽ. तेजस बाजेवर उशीला टेकून तिला सांगत होता, आजी, डावीकडे, डावीकडे.

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस आम्ही या म्हातारीच्या तब्येतीवर खूश होत होतो! मी बरंच बोललो. भिकुबाईला त्यात आपलं काय चुकलं तेच कळेना. नातवाचं पाणी ती भरते, त्याचं दप्तर ती उचलायची, नवसाला अनवाणी त्याच्यासाठी ती चालली. मग दवाखान्यानं दिलेलं हे काम तेवढं त्याच्यावर का टाकायचं?

"त्याले दम लागस, भाऊ," ती म्हणाली. "मी शे ना बठ्ठं कराले." सगळं करायला ती आहे, हे तिचं ठरलेलं.

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात मंतशा तिला घेऊन ओट्यावर बसली. नेहमीसारखी हसत नव्हती.

"आजी, माझी अम्मीही असंच करायची," ती म्हणाली. "मला कधी पळू दिलं नाही. दमा गेला माझा, पण धावायची भीती अजून जात नाही. अम्मीवर मी फार चिडते. आणि चिडल्यावर रडू येतं, कारण तिनं सगळं मायेनंच केलं."

भिकुबाईनं बाजेवरच्या तेजसकडे बघितलं. 

मी तेजसला त्याचा दम्याचा पंप घ्यायला लावला, थोडा वेळ थांबलो आणि त्याला फोनसमोर उभं केलं. पहिली पाखरं त्यानं हाकलली. दुसऱ्या खेपेला धाप लागली, आणि भिकुबाई पदर सावरत धावली. मी तिला अडवलं. माझा हात झिडकारून ती नातवापर्यंत पोचली, त्याला उचलायला वाकली. तेजस वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, ओठांचा चंबू करून फुंकर घालत होता. मी त्याच्या छातीकडे बघत होतो. धाप हळूहळू बसली.

त्यानं आजीचा हात बाजूला केला.

"आजी, तू बस आते," तो म्हणाला. "मना डाव शे."

त्याचा डाव त्याच्यावर सोडून ती बाजेवर जाऊन बसली. एवढ्या उड्या मारून न थकलेल्या त्या बाईचे हात बसल्या बसल्याही पाखरं हाकलत होते.