तायडेभाऊंच्या गाडीतलं एक मिनिट

अकोल्याच्या कार्यालयासमोर गाडी लावली, तरी तायडेभाऊ लगेच इंजिन बंद करत नसत. चांगलं एक मिनिट चालू ठेवत. चौदा वर्षं वापरलेली ती डिझेलची लांबडी गाडी जागेवर थरथरत उभी असायची आणि ते स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणायचे, "धावत आली बिचारी. तिले दम घेऊ द्या." इंजिनातल्या तापलेल्या टर्बोसाठी ते बरं असतं म्हणे. मला मात्र ते मिनिट डाचायचं, कारण तेवढ्या वेळात गाडीतलं कोणीच उतरत नसे.

अमरावतीहून अकोल्याला रोज तायडेभाऊंच्या गाडीनं जाणारे आम्ही पाच जण. मी हौसेनं नवी पेट्रोल गाडी घेतली. मोठा स्क्रीन, सहा एअरबॅग, छताला काच. चार दिवस मंडळी कौतुकानं बसली, पाचव्या दिवशी पुन्हा त्या डबड्यात. तिची मागची काच हातानं धरून वर घ्यावी लागे, सीटला डिझेलचा वास येई. हे मी चारचौघांत बोलूनही दाखवलं. तायडेभाऊ रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते हसून म्हणाले, "तुमची गाडी झकास हाय. पण तिले आवाजच नाही. माणूस हळूच काही बोलते, ते साऱ्यायले आयकू येते."

मी ते थट्टेवारी नेलं. पुढे वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं ठरलं. डॉक्टर अकोल्याचे. नेमकी त्याच दिवशी माझी गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून तायडेभाऊंनी बाबांच्या गावी, वलगावला येऊन त्यांना घेतलं. बाबा पुढे बसले, मी मागे. दवाखान्याशी पोचल्यावर मी घाईनं नंबर लावायला उतरलो. परत आलो तरी हे दोघं गाडीतच, इंजिन चालू, आणि बाबा काहीतरी सांगत होते. मला पाहून गप्प झाले.

बाबांना आत नेल्यावर तायडेभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "भेऊन राहिले ते. डोळा गेला तं तुमच्या आईचा फोटो दिसन नाही म्हणतात. जरा जवळ बसा त्यांच्या."

माझ्याशी बाबांचं बोलणं म्हणजे 'हो', 'नाही' आणि 'जेवला का'. तायडेभाऊंचे आभार मानायला हवे होते, पण मी जळलो. माझ्या बापाची भीती मला या माणसाकडून कळावी, हे सहनच होईना. बाबांची नजर चांगली आली. पण पुढच्या प्रत्येक तपासणीला मी माझी चकचकीत गाडी दारात आणली, की बाबा तिच्यामागे पाहत विचारायचे, "तायडेची गाडी नाही आली का?"

गेल्या उन्हाळ्यात तायडेभाऊ गेले. सकाळी छातीत दुखलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. गाडी त्यांच्या मुलीनं अचलपूरला नेली, ती रोज त्याच गाडीनं शाळेत शिकवायला जाते. खरं सांगायचं तर ती गाडी मला हवी होती. इतकी वर्षं तिला नावं ठेवली, आता कोणत्या तोंडानं मागणार?

मागच्या आठवड्यात बाबांना वलगावला सोडलं. घरासमोर थांबलो आणि का कोण जाणे, इंजिन चालूच ठेवलं. माझ्या गाडीला त्याची काही गरज नाही.

बाबा म्हणाले, "तेल कावून जाळून राहिला?"

"दम घेऊ द्या तिले," मी म्हणालो.

दाराकडे गेलेला त्यांचा हात मागे आला. मग म्हणाले, "तायडेची लय आठवण येते रे."

मी पुन्हा जळलो. बाबांनी मला आपणहून सांगितलेली ही मनातली पहिली गोष्ट, आणि तीसुद्धा त्याच माणसाची.

"मलेबी," मी म्हणालो, आणि गाडी आणखी थोडा वेळ चालू ठेवली.