तपासला तो माझाच कागद

"हे तुम्ही लिहिलेलं नाही, बाई. मशीनचं आहे." प्रशिक्षण देणाऱ्या सरांनी माझा कागद दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "वेल्ह्याच्या डोंगरातून एवढी साफ मराठी? काय हो?"

सभागृह हसलं. माझ्याच शाळेतले गुरुजीसुद्धा हसले.

भोरला भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. एआय म्हणजे काय, वर्गात ते कसं वापरायचं, कुठं वापरायचं नाही. जेवणाआधी प्रत्येकानं आपल्या एका विद्यार्थ्याची नोंद लिहायची होती, प्रगतिपुस्तकात लिहितो तशी. स्वतःच्या डोक्यानं, यंत्राला हात न लावता. ज्याची नोंद उत्तम, तो पुण्याला पुढच्या प्रशिक्षणाला जाणार आणि परत येऊन आम्हाला शिकवणार. ती जागा मला हवी होती. कातकरी वाडीतून शिकून मास्तरीण झालेली मी पहिली. एकदा तरी शिक्षकांसमोर शिकवायला उभं राहायचं होतं मला.

मी माझ्या वर्गातल्या अलकाबद्दल लिहिलं. 'वजाबाकी चुकली तर ती पाटी पुसत नाही. आधी कुठं चुकलं ते शोधते. तोवर कुणाला पाटी देत नाही.' दोन वर्षं तिच्या पाटीकडं बघतेय, म्हणून लिहिता आलं.

सरांनी त्या कागदाचा फोटो काढला, मजकूर कुठल्याशा तपासणीच्या साइटवर टाकला. मोठ्या पडद्यावर लाल पट्टी आली. यंत्राने लिहिलेले.

"खरंच तुमचं असेल तर इथं, आमच्यासमोर दुसरी नोंद लिहून दाखवा."

सांगायला लाज वाटते, पण मी पेन उचललं. वाकायची सवय हाताला असते.

शेजारी मेधा बसली होती. भोरातच राहणारी, वडील मुख्याध्यापक होते, घरात कपाटभर पुस्तकं. मी मेधावर जळते. आजची गोष्ट नाही. मी दोन गाड्या बदलून, नसरापूरला ताटकळून, घामेजून पोचते, तेव्हा ती स्कूटरवरून इस्त्रीच्या साडीत उतरते. तिचं इंग्रजी अडत नाही. तिच्या लॅपटॉपवर तिच्या मुलानं चिकटवलेले स्टिकर आहेत, मला त्या स्टिकरांचासुद्धा हेवा वाटतो. सर तिला मेधाताई म्हणतात. मला, 'ओ वेल्ह्याच्या बाई.'

त्याच मेधानं माझ्या डोळ्यांदेखत मोबाईलवर एआयला विचारलं होतं, 'हुशार मुलीची नोंद लिहून दे.' आलेलं तिनं जसंच्या तसं कागदावर उतरवलं. 'सर्वांगीण विकास', 'उल्लेखनीय प्रगती'. सरांनी ते वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. तिच्या कागदाचा फोटो कुणी काढला नाही.

तेव्हा डोक्यात पेटलं. तपासला तो माझाच कागद. का?

पेन खाली ठेवलं. उभी राहिले. माझ्या तोंडून घरची भाषा निघाली.

"म्या न्हाई लिव्हणार. आधी सगळ्यांचे तपासा. मेधा मॅडमपास्नं."

सर वैतागले, पण सभागृह बघत होतं. मेधाची नोंद पडद्यावर टाकली. हिरवी पट्टी. माणसाने लिहिलेले.

पुन्हा हशा. या खेपेला मोठा. मेधा मान खाली घालून बसली.  एक शब्द बोलली असती तर पुरे होतं.  मला बसून घ्यावंसं वाटलं.

टेबलावर सरांच्या एका जुन्या लेखाची झेरॉक्स होती. सकाळी त्यांनीच वाटली होती, वीस वर्षांपूर्वी छापून आलेला लेख, असं कौतुकानं सांगत. मी ती उचलली, पुढं गेले आणि पहिले दोन परिच्छेद त्याच साइटवर स्वतः टाईप केले. एकेक अक्षर शोधत. लई वेळ लागला. कुणी हसलं नाही.

लाल पट्टी.

"सर, तवा कुठलं मशीन हुतं?"

फळ्यावर सरांच्याच हातचं सकाळचं वाक्य होतं. 'यंत्राचं म्हणणं पडताळल्याशिवाय मानू नये.' मी बोटानं ते दाखवलं.

"टेक्निकल इश्यू आहे," सर म्हणाले. "चला, चहा घेऊ."

माफी नाही. पुण्याला नाव गेलं मेधाचं.

एसटीत बसले आणि रागाचा फोड फुटायच्या आत दुसरंच आठवलं. महिन्याभरापूर्वी माझ्या वर्गातल्या वनितानं निबंध लिहिला होता. 'ऊन असलं की डोंगर लांब जातो, धुकं आलं की दारात येतो.' वनिता माझ्याच वाडीची. मी तिला विचारलं होतं, "मोबाईलवरनं उतरवलंस ना?" ती नाही म्हणाली. मी कागद फाडला होता. सगळ्या वर्गासमोर. वाडीतल्या पोरीला असं सुचेल कसं, हे माझ्या, वाडीतल्या बाईच्या डोक्यात आलं होतं. सरांना मनात शिव्या घालत होते, त्या आता मलाच लागू होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभी राहिले. "वनिताचा निबंध तिचाच होता. मी फाडला. माझं चुकलं." मग तिला म्हणाले, "परत लिहिशील?"

"न्हाई, बाई."

"का गं?"

"परत लिव्हलं की तुमी म्हणाल, आता खरं. तवा बी खरंच हुतं."

मी आग्रह केला नाही. भोरात मी जे बोलायला हवं होतं ते नऊ वर्षांची पोर बोलली होती.

आता मी ते एआयचं यंत्र शिकतेय. गुरुजींच्या जुन्या लॅपटॉपवर, रोज शाळा सुटल्यावर. ते कुठं खोटं बोलतं, कुठं तोंड बघून बोलतं, सगळं वहीत टिपून ठेवते. पोरांची नावं त्यात घालत नाही. नोंदी हातानं लिहिते आणि खाली सही करते. मेधाची जागा मला अजून हवी आहे, हे लपवणार नाही. पुढच्या खेपेला पुन्हा नाव देणार. शिक्षकांसमोर उभी राहिले की पहिल्या तासाला वनिताच्या फाडलेल्या कागदाचं सांगणार, माझ्या नावासकट. सर समोर बसलेले असले तरी.