नाव न घेता दिलेलं औषध

आप्पांचे डोळे पिवळे दिसतायत हे सगळ्यात आधी मला दिसलं. बँकेला सुट्टी म्हणून मी बेळगावहून गावी आले होते. आप्पा दारापुढच्या सोप्यात चहा पीत होते. जरा उजेडाकडं तोंड करा म्हटलं, तर म्हणाले, "झोप न्हाय झाली गं." झोप न झाल्यावर डोळे लाल होतात, पिवळे होत नाहीत, एवढं मलाही कळतं.

दिवाळीच्या सुमारास तपासणीत त्यांच्या लिव्हरवर चरबी निघाली होती. चाला, तळलेलं आणि गोड कमी करा, बाकी काही नको, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आप्पा दारूच्या थेंबाला न शिवणारा माणूस. ते रोज तळ्यापर्यंत चालून येत होते, भजी सुटली होती. मग हे मधेच कुठनं आलं? तसंच गाडीत घालून बेळगावला नेलं.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं. लिव्हरला चांगलीच सूज होती. "काढा, रस, पावडर, पाला, काही घेताय काय?" त्यांनी कानडी वळणाच्या मराठीत विचारलं. आप्पा फरशीकडं बघत म्हणाले, "न्हाय." बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "ते लपवतायत. काय पोटात जातंय ते कळल्याशिवाय मी उपचार कसा करू? हे असंच वाढत गेलं तर लिव्हर काम सोडून देईल."

आमच्याकडं झाडपाल्याचं औषध नाव सांगून देत नाहीत. देणाऱ्यानं नाव घेतलं की गुण जातो म्हणतात, आणि घेणाऱ्यानंही कुणाजवळ बोलायचं नाही. पाला तोडायला निघालेल्या माणसाला वाटेत हाक मारली तर तो वळूनसुद्धा बघत नाही. हे डॉक्टरांना कुठल्या तोंडानं सांगणार?

बाहेर बाकावर तिघी बसल्या होत्या. आई, सदलग्याहून आलेली आत्ती, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, आणि नंदगडला दिलेली माझी आक्का. आप्पांना काय देताय, असं मी विचारल्याबरोबर तिघींनी तीन दिशांना तोंडं फिरवली. माझं डोकंच फिरलं.

"सांगितलं तर गुण जाईल गं," आई पुटपुटली.

"गुण जाऊ दे. आप्पा जातील त्याचं काय?"

नर्स वळून बघायला लागली. आईनं तोंडाला पदर लावला आणि पदराआडूनच बोलली, "गुळवेल. परसातल्या कडुलिंबावरची. रोज सकाळी काढा करून देते."

आत्ती आईकडं बघतच राहिली. "अगं, मी बी तेच दिलंय." वाळवून, कुटून पुड्या आणायची. निजताना घे, बायकोला सांगू नको, असं भावाला बजावून जायची. आक्का तर रडायलाच लागली. तिनं दुकानातली रसाची बाटली आणून वरचा कागद खरवडून टाकला होता. रसही गुळवेलीचाच. लिव्हर धड राहावं म्हणून तिघी आपापल्या परीनं त्यांना एकच वेल पाजत होत्या, आणि एकीचं दुसरीला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं तर मी पोट धरून हसले असते.

डॉक्टर ऐकून म्हणाले, कुणाकुणाला हे सोसत नाही, त्यात एवढं गेलं. ह्याच्यानंच झालं असावं, पण छातीठोक सांगत नाही. सगळं बंद करा आणि वाट बघू. वाट बघणं मला जन्मात जमलेलं नाही. येता-जाता मी आप्पांच्या पापण्या ओढून बघायची. कधी पिवळं कमी वाटायचं, कधी खिडकीतल्या उन्हानं तसं वाटलं असेल म्हणून परत जीव खालीवर व्हायचा. पुन्हा रक्त नेलं होतं आणि त्याचा रिपोर्ट यायचा होता, तेव्हा मला राहवलं नाही.

"आप्पा, तिन्ही एकच हाय हे चवीवरनं तरी कळलं न्हाय तुम्हाला?"

"कळलं की. पहिल्या घोटालाच कळलं."

"मग पीत का राहिलात?"

"तपासणी झाल्यापासनं तुझ्या आईचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. मी काढा प्यायला लागलो तशी झोपायला लागली. तुझी आत्ती यायची ती रडवेली, पुडी दिली की हसत जायची. तुझ्या बहिणीला नको म्हटलं असतं तर तिकडं नंदगडात घोर लावून बसली असती. तुम्ही सगळ्याच लई भ्यालता. म्हणून पीत गेलो."

मला रागवायचं होतं. पण मी त्यांचा हात धरला, तर तळवाही पिवळट दिसत होता.

"आता मी दमलो गं," आप्पा म्हणाले. "आता जरा तुमचं तुम्ही भ्या."