ज्याचं नुकसान, त्यानं वाचायचं

“ज्याचं नुकसान, त्यानं वाचायचं.” एवढं बोलून बाई हाताची घडी घालायच्या आणि छताकडे बघत उभ्या राहायच्या. मग ज्याचं नुकसान होणार असेल त्यानं समोरच्याचं कार्ड उचलायचं, त्यावरचं बारीक इंग्रजी मोठ्यानं वाचायचं आणि अर्थ मराठीत सांगायचा. ज्याचं कार्ड त्याला वाचू द्यायच्या नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, “मालक आशेनं वाचतो.”

हे कशाबद्दल चाललंय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल कोर्टातली गोष्ट दिसते. आम्ही चार बाप्ये, सगळे पोराबाळांचे धनी, दर रविवारी सोलापुरात व्हँपायरचा कार्डांचा खेळ खेळतो. हसायचं असेल तर हसून घ्या, घरचेही हसतात. हा खेळ रमीसारखा एका कॅटवर होत नाही. कार्डं ज्यानं त्यानं जमवायची, आपला गठ्ठा आपण बांधायचा आणि तो घेऊन गोल बसायचं. मारायचं फक्त डावीकडच्याला. म्हणजे प्रत्येकाच्या डाव्या हाताला शिकार आणि उजव्या हाताला शिकारी. रक्त म्हणून आम्ही मसुराची डाळ वापरतो. व्हँपायरचं रक्त संपलं तर तो मरत नाही, नुसता आडवा होतो. माणसापुढची डाळ संपली की मात्र माणूस बाद.

खेळ होतो व्यंकटेशच्या शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर, कापड बेतायच्या लांब टेबलावर. व्यंकटेश घरात तेलुगू बोलतो, बाहेर मराठी, आणि हरायला लागला की परत तेलुगू. दुसरा इरफान, त्याचं सात रस्त्याजवळ चष्म्याचं दुकान. या कार्डांवरची अक्षरं इतकी बारीक की आम्हा सगळ्यांना त्यानं गिऱ्हाईक करून घेतलंय. तिसरा धनाजी, माढ्याहून एसटीनं येतो. आणि चौथा मी, मोजणी खात्यात. दोन शेजाऱ्यांच्या बांधावर उभं राहून ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणं, ही माझी नोकरी.

बाई खेळायला आल्याच नव्हत्या. त्या भांडायला आल्या होत्या. कुठल्याशा शाळेत पी.टी. शिकवायच्या, आणि व्यंकटेशकडून गेलेल्या ट्रॅकपँटींना पट्टा एकाच पायावर शिवला गेला होता. रविवार असूनही जिना चढून आल्या, हातात नमुन्याची पँट. वर आमची जुंपलेली. या खेळात मतदानही असतं, आणि माझ्या एका कार्डावर लिहिलं होतं, तुझ्या प्रत्येक व्हँपायरला एक मत. माझे दोन व्हँपायर आडवे पडलेले. त्यांची मतं धरायची की नाही, यावर इरफान आणि मी इतके इरेला पेटलो होतो की बाई आल्यात हेही कुणाला कळलं नाही. त्या बराच वेळ पँट हातात धरून ऐकत राहिल्या. मग इरफानला म्हणाल्या, “तुझं नुकसान आहे न? तू वाच.”

त्यानं वाचलं. बाई म्हणाल्या, कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो, तो आतल्याला हात लावत नाही. आडव्याला मत नाही. “हरकत असेल तर आत्ता सांगा.” आवाज असा होता की हरकत घ्यायची आमची काय बिशाद! त्यानंतर त्या पँटीकडे वळल्या. व्यंकटेशनं सगळ्या पँटी पुन्हा शिवून दिल्या.

पुढच्या रविवारी धनाजीनं विचारलं, “त्या बाई येत न्हाईत व्हय?” व्यंकटेशनं फोन लावला, आणि बाई आल्या. तेव्हापासून येतच राहिल्या, शाळेतून निवृत्त झाल्या तरी. जिल्हाभर कबड्डीची पंचगिरी करून झालेली, त्यामुळे व्हँपायरचं त्यांना काही विशेष वाटलं नाही. कोण कुणाला कधी शिवला, एवढाच प्रश्न असतो, म्हणायच्या.

टेबलावर फोन काढू द्यायच्या नाहीत. खेळ काढणाऱ्या कंपनीनं अवघड कार्डांचे खुलासे इंटरनेटवर दिलेले असतात, पण ते खेळ उरकल्यावर घरी जाऊन बघायचे. एकदा इरफान असाच खुलासा घेऊन आला. आदल्या रविवारी बाईंनी दिलेला निकाल चुकला होता आणि त्यामुळे तो हरला होता. बाईंनी तो त्यालाच वाचायला लावला. मग म्हणाल्या, “चुकले मी. पण तो डाव तसाच राहील.” इरफान म्हणाला, “बाई, ये तो जुलुम हुआ.” बाई म्हणाल्या, “हो.” आणि नवा डाव मांडायला सांगितला. एवढं सरळ ‘चुकले’ मी आमच्या खात्यात अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

त्यांचा हा कायदा टेबलापुरता नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सात रस्त्याला दोन रिक्षा एकमेकींना घासल्या आणि रिक्षावाले एकमेकांच्या आयांपर्यंत पोचले. बाईंनी स्कूटी बाजूला लावली. ज्याचा आरसा फुटला होता त्याला म्हणाल्या, तुझं राहू दे, हा काय म्हणतोय ते तू मला सांग. तो गडबडला. दुसऱ्याचं म्हणणं सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते पटायला लागलं की काय कुणास ठाऊक, पण शेवटी ‘जाऊ द्या मावशी’ म्हणून तोच रिक्षात जाऊन बसला. मागं लागलेली गाड्यांची रांग एकदाची हलली.

आता बाईंचं दुखणं सांगतो. त्यांना खेळायचं होतं.

आम्हीच त्यांना गठ्ठा बांधून दिला होता. त्या खेळायच्याही चांगलं, शांतपणे, डाळ राखून. पण बसल्या की तासाभरात वाद निघायचा, आणि वादात एक बाजू त्यांची असली की सगळे सवयीनं त्यांच्याचकडे बघायचे. मग बाई निकाल द्यायच्या. स्वतःच्या विरुद्ध. प्रत्येक वेळी. धडधडीत त्यांचं बरोबर असलं तरी. इरफान कळवळून म्हणायचा, बाई, ये तो तुमारा हक था. त्यांचं उत्तर ठरलेलं, “पंचाला हक नसतो.” असा स्वतःचाच गळा कापून त्या सगळ्यांच्या आधी बाद व्हायच्या. शेवटी शेवटी त्यांनी कार्डं हातात घेणंच सोडलं.

एकदा जिना उतरताना मी म्हटलं, तुम्ही निकाल देऊ नका, आम्ही भांडून घेऊ. त्या गुडघा धरून पायरीवर थांबल्या. म्हणाल्या, त्यांचं गाव केम. बाप मेंढरं राखायचा आणि ही पोरगी शाळेच्या संघात चढाई करायची. मग नोकरी लागली, आणि नोकरीबरोबर गळ्यात शिट्टी आली. “शिट्टी तोंडात असली की कबड्डी कबड्डी म्हणता येत नाही रे,” त्या म्हणाल्या. “एकदा नुसतं खेळायचंय. निकाल न देता.” आणि पुढं उतरायला लागल्या. मला बाई आवडायच्या, हे इथे सरळ लिहून टाकतो. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बंगळूरच्या मुलानं ठरवून टाकलं की आईनं आता तिकडंच यायचं. जिना नाही, लिफ्ट आहे. इथलं घर विकलं. जायच्या आधीच्या रविवारी बाई म्हणाल्या, आज मी बसते.

त्या यायच्या आत आम्ही चौघांनी मसलत केली. कल्पना धनाजीची. आज बाईंच्या कुठल्याही खेळीवर कुणी ब्र काढायचा नाही. वाद नाही तर निकाल नाही, आणि निकाल नाही तर बाई खुशाल खेळतील. सोपं होतं. चार शहाणी माणसं एकत्र बसली की असंच काहीतरी ठरतं.

बाईंच्या उजवीकडे धनाजी, म्हणजे त्यांचा शिकारी. डावीकडे व्यंकटेश, त्यांची शिकार. मी इरफानच्या हातून लवकरच बाद झालो आणि शेंगा सोलत बसलो. बाई रंगात आल्या होत्या. गावाकडची बोली मध्येच तोंडात यायची, “हितं ठेव की,” “लई हुशार हायस.” असं बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. व्यंकटेशपुढं डाळीचे दोनच दाणे उरले. तो गेला असता तर बाईंना कुणी अडवू शकलं नसतं.

मग त्यांचा व्हँपायर व्यंकटेशच्या शेवटच्या व्हँपायरवर चालून गेला. व्यंकटेशनं पळून जायचं कार्ड टाकलं. पळायला एक रक्त लागतं, आणि त्या व्हँपायरकडे एकच होतं. ते भरून तो पळाला आणि आडवा झाला. बाईंनी आपलं कार्ड खाली ठेवलं. समोरचा व्हँपायर आडवा पाडला तर त्याच्या मालकाचं दोन रक्त जळतं, असं ते कार्ड. व्यंकटेश लगेच म्हणाला, “गेलो मी,” आणि कार्डं आवरायला लागला.

“थांब,” बाई म्हणाल्या. “वाच.”

व्यंकटेशनं वाचलं. अगदी घडाघडा. बाई त्या दिवशी छताकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “मधला शब्द गाळलास.”

गाळला होता. कार्डावर होतं, मारामारीत आडवा पाडला तर. आणि व्यंकटेशचा गडी तर पळून जाताना पडला होता. हा मारामारीत पडला म्हणायचा की मारामारीबाहेर? खरा वाद होता, या खेळात क्वचितच सापडतो इतका चोख. एरवी या शब्दावरून व्यंकटेशनं कारखाना डोक्यावर घेतला असता.

धनाजी म्हणाला, “जाऊ द्या की बाई. पडला त्यो पडलाच की.”

बाईंच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग गेला. “मुद्दाम घसरून पडणारा गडी मला वळखू येतो रे,” त्या म्हणाल्या. “जन्म गेला त्यात. माझ्या शेवटच्या डावाला असं करता व्हय?” व्यंकटेशचे कान लाल झाले होते.

आता बाई नेहमीप्रमाणे स्वतःच्या विरुद्ध निकाल देणार आणि शेवटचा डावही पंच म्हणूनच संपवणार, असं मला वाटलं. पण त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “आज मी पंच न्हाई. हा बाद झालाय, ह्याचं काही अडकलेलं न्हाई. हा सांगंल.”

माझ्या तोंडून सवयीनं ‘साहेबांना’ एवढं बाहेरही पडलं. मग ते गिळलं. व्यंकटेशला कार्ड पुन्हा वाचायला लावलं, सगळे शब्द धरून. ते तिघं माझ्याकडे असे बघत होते की बाईंच्या बाजूनं न बोललो तर जिन्यावरून खाली ढकलतील. बाई तेवढ्या कार्डांकडे बघत होत्या. मी मनापासून विचार केला. शपथेवर सांगतो, मला त्यांना जिंकवायचं होतं. पण मला जे बरोबर वाटत होतं ते तसं नव्हतं. मी म्हटलं, “पळाला तिथंच मारामारी संपली. पडला तो नंतर. रक्त जळत नाही.”

इरफान तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला, ते लिहिण्यासारखं नाही.

“हरकत नाही,” बाई म्हणाल्या आणि आपलं कार्ड उचलून बाजूला ठेवलं. हल्ल्याच्या नादात त्यांनी स्वतःकडे फार डाळ राखली नव्हती, आणि पुढची पाळी धनाजीची होती. धनाजी हातातल्या कार्डांशी उगीच चाळा करत बसला. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग त्यानं जे खेळायला हवं होतं ते खेळलं, एकामागून एक तीन कार्डं, आणि बाईंपुढची डाळ संपली.

त्या उठून गेल्या नाहीत. खुर्ची मागं सरकवून माझ्या शेंगांतल्या मूठभर घेतल्या आणि खात बसल्या. थोड्या वेळानं इरफान आणि धनाजीचं कशावरून तरी वाजलं, आणि आम्ही सगळे सवयीनं बाईंकडे वळलो. “माझ्याकडं काय बघता?” त्या म्हणाल्या. “मी बाद झालेय.” आणि पुढची शेंग फोडली.

त्याच आठवड्यात त्या बंगळूरला गेल्या. मला मात्र तो निकाल टोचत होता. एका सकाळी, ऑफिसला निघण्याआधी, मी कंपनीचा खुलासा शोधून काढला. पळायचं रक्त मारामारी चालू असतानाच भरायचं असतं, सबब ते भरताना जो आडवा होतो तो मारामारीतच आडवा होतो. स्वच्छ लिहिलं होतं. बाई जिंकल्या होत्या, आणि मी त्यांना हरवलं होतं.

मी तिथल्या तिथं फोन लावला आणि सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “ठाऊक आहे. मी वाचला होता तो, केव्हाच.”

“मग हरकत का नाही घेतलीत?”

“घेतली असती तर पंच कोण झालं असतं?”

पलीकडे नातवाचं काहीतरी चाललं होतं, त्याला दटावून त्या पुन्हा फोनवर आल्या. “लई वर्षं झाली होती रे,” त्या म्हणाल्या, “दुसऱ्या कुणी मला बाद करून.”

मग विचारलं, शेवटी डाव कुणी मारला, इरफाननं का. मी म्हटलं, नाही, धनाजीनं.

“मारणारच,” बाई म्हणाल्या. “मला काय सुरेख मारलं त्यानं.”