चर्चा करायला आलेली बाई

मी विद्यापीठात कनिष्ठ सहायक म्हणून लागले तेव्हा एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, आणि बरं झालं सांगितली नाही. साहेब फाइलवर हिरव्या शाईनं ‘चर्चा करावी’ असं लिहितात, तेव्हा चर्चा करायची नसते. फाइल गुपचूप उचलायची, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायची आणि कुणी विचारलंच तर ‘चर्चेत आहे’ म्हणून सांगायचं. त्यात हो नसतं आणि नाहीही नसतं. उद्या चौकशी लागली तर कुणाच्या अंगावर काही येत नाही. आमच्या विभागात तो कप्पा इतका भरला होता की कपाटाचं दार लागत नव्हतं.

आमचा विभाग पात्रतेचा. दुसऱ्या राज्यातून, दुसऱ्या बोर्डातून आलेल्या पोरांचे आधीचे कागद खरे आहेत का, हे आम्ही तपासायचं. ते झालं नाही तर पोरानं तिन्ही वर्षं पास केली तरी निकाल राखीव, म्हणजे गुणपत्रिका हातात नाही.

मी सोयगाव तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. माझ्याआधी आमच्यात कुणी टेबलाच्या आतल्या बाजूला बसलं नव्हतं. बाहेरच्या बाजूला मात्र लई उभे राहिले. लहानपणी मी आबांबरोबर तालुक्याच्या कचेरीत जायची, तर ‘नंतर या’ ऐकूनच दिवस संपायचा. आबा म्हणायचे, “साहेबाच्या दारात उभं राहायचं तर मान खाली घालून नाय, पोरी. कागद वर धरून.” कागदावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, पण धरायचे असा की साहेबाला डोळा चुकवता येऊ नये.

नोकरीला चार महिने झाले असतील. एका सोमवारी कन्नड तालुक्यातली एक मुलगी खिडकीशी आली. बारावी तिनं मामाकडं राहून मध्य प्रदेशात केलेली, पदवी इथली. निकाल राखीव. सरकारी नोकरीसाठी तिची निवड झाली होती, पुढच्या सोमवारी कागदांची तपासणी. पदवीची गुणपत्रिका नसेल तर तिच्या जागी यादीतला पुढचा. अडकलं होतं ते तिच्या आधीच्या बोर्डाच्या स्थलांतर प्रमाणपत्रावर. कॉलेज म्हणत होतं, मूळ प्रत तीन वर्षांपूर्वीच विद्यापीठाला पाठवली; तिच्याजवळ आमच्याच शिक्क्याची पोच होती. आणि आमच्या विभागात तो कागद कुणाला सापडत नव्हता.

“मॅडम, होईल ना?” ती म्हणाली.

“होईल,” मी म्हणाले. चार महिन्यांची नोकरी आणि केवढा हा रुबाब! आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

मी टिपणी लिहिली: बोर्डाकडून फोनवर खात्री करावी, मुलीकडून हमीपत्र घ्यावं, निकाल मोकळा करावा. मंगळवारी फाइल परत आली. समासात हिरवं ‘चर्चा करावी’. मी वाचलं, साडीचा पदर सावरला, फाइल उचलली आणि निघाले.

माझ्या शेजारी उस्मानपुऱ्यातले एक जुने वरिष्ठ सहायक बसायचे, सगळा विभाग त्यांना भाऊ म्हणायचा. ते ओरडले, “अरे बाई, कायकू जारी अंदर?”

“चर्चा करायला.”

भाऊंच्या तोंडातली सुपारी खाली पडायची राहिली.

साहेबांनी मान वर केली. “काय काम आहे?”

“साहेब, चर्चा करायला आले.”

ते माझ्याकडं बघतच राहिले. ‘अहो, त्याचा अर्थ तसा नसतो,’ हे त्यांना म्हणता येईना. कसं म्हणणार? लिहिलं तर त्यांनीच होतं. शेवटी म्हणाले, “उद्या या.” बाहेर आले तर अख्खा विभाग खिदळत होता. भाऊंनी मला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण कशी तयार होते ते मला त्या दिवशी कळलं.

मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? कान तापले होते. पण त्या लाजेवर राग चढला. मुलीकडं सहा महिने नव्हते, सहा दिवस होते. आणि मला चर्चेचा खरा अर्थ कळलाय, हे साहेबांना कुठं माहीत होतं? बुधवारी मी पुन्हा गेले, अगदी भोळा चेहरा करून. “साहेब, चर्चा.” त्यांना बैठक होती. गुरुवारी फाइल छातीशी न धरता वर धरून दारात उभी राहिले. आत-बाहेर जाणारा प्रत्येक जण विचारायचा, काय झालं? मी सांगायची, साहेबांनी चर्चेला बोलवलंय.

चार वाजता साहेब वैतागून म्हणाले, “या. बसा एकदाच्या.”

मी बसले. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझा राग निम्मा उतरला. काही वर्षांपूर्वी त्यांनी असाच एकाचा निकाल हमीपत्रावर मोकळा केला होता. कागद बनावट निघाला. दोन वर्षं चौकशी चालली, बढती हुकली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पीत होता.

“जबाबदारी माझी म्हणून लिहा, साहेब,” मी म्हणाले.

“तुमची नोकरी अजून कायम नाही, तुमच्या जबाबदारीला कोण विचारतंय?” असं म्हणून ते पहिल्यांदा हसले. “मूळ कागद दाखवा. पाच मिनिटांत सही करतो.”

म्हणजे एवढंच हवं होतं! हे दोन ओळींत समासात लिहिलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

शुक्रवारी सकाळी मी अभिलेख कक्षात शिरले. त्या कॉलेजचा गठ्ठा आधीच दोघांनी चाळला होता, मी पुन्हा चाळला. नाहीच. धुळीनं शिंका येत होत्या, आणि मला आठवली आबांची रीत. पाणवठ्यावर दोन कळप एका वेळी आले की जनावरं सरमिसळ होतात. अशा वेळी आबा हरवलेलं मेंढरू रानात हुडकत नसत, सरळ दुसऱ्याच्या कळपात जाऊन बघत. मी आवक रजिस्टर उघडलं. पोचेवरच्या तारखेला आणखी चार कॉलेजांचे गठ्ठे आले होते. एकेक सोडत गेले. तिसऱ्यात, सिल्लोडच्या एका कॉलेजच्या कागदांत, ते प्रमाणपत्र निवांत पडलेलं होतं.

मी ओरडलेच, “घावलं!” अभिलेख कक्षात इतक्या मोठ्यानं कुणी बोलत नाही.

साहेबांनी शब्द पाळला. परीक्षा विभागात मी स्वतः जाऊन बसले आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला मुलीच्या हातात गुणपत्रिका पडली. ती रडली, मीही रडले. भाऊंनी चहा मागवला आणि म्हणाले, “ये बाई एक दिन साहेब बनेगी, लिख के लेव.”

भाऊ खरं बोलले. खात्याच्या परीक्षा दिल्या, एकेक पायरी चढले, पुंडलिकनगरात घर झालं, आणि आज त्याच इमारतीत मी सहायक कुलसचिव आहे. दारावर पाटी माझी, हिरवा पेन माझा. खोटी नम्रता मला जमत नाही. काम मला येतं आणि चांगलं येतं. नव्या लोकांना मी ही गोष्ट प्रशिक्षणात सांगते. हशा होतो, टाळ्या पडतात. आमच्याकडं फाइल अडकत नाही, असंही मी ठोकून सांगते.

गेल्या महिन्यात एक मुलगी माझ्या दारात उभी राहिली. शिपायानं अडवलं तरी हलेना. हातात अर्ज, आणि तो वर धरलेला. मी आत बोलावलं.

“मॅडम, माझा निकाल राखीव हाय. एमएस्सीला नंबर लागलाय, शुक्रवारी प्रवेशाची शेवटची तारीख. माझी फाइल चर्चेत हाय म्हणतेत.” तिनं अर्ज पुढं केला. “ती चर्चा कधी हाय, मॅडम? मी पण येऊ का?”

चेष्टा नव्हती त्यात. तिला खरंच वाटत होतं की कुठंतरी चार माणसं बसून तिच्याबद्दल बोलणार आहेत.

मी फाइल मागवली. समासात हिरव्या शाईत ‘चर्चा करावी’. खाली माझी सही. तीन आठवड्यांपूर्वीची.

कारणं होती. त्या आठवड्यात बैठकांची रांग लागली होती, प्रकरण किचकट होतं. पण खरं सांगायचं तर मला ती फाइल नजरेसमोरून घालवायची होती, दुसरं काही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि रागवायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मुलीला मी माझ्या समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, “चर्चा आत्ता आहे. हलू नका.” फाइल उचलली आणि स्वतः पात्रता विभागात गेले. ती फाइल ज्याच्याकडं होती तो सहायक वर्षभरापूर्वी लागलेला, माझं प्रशिक्षण ऐकून टाळ्या वाजवलेला. मला टेबलाशी बघून तो ताडकन उभा राहिला.

“काय काम होतं, मॅडम? मला बोलवायचं ना.”

“चर्चा करायला आले,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. “माझं काही चुकलं का, मॅडम? मी यायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, तुम्ही नको म्हणताय.”

“बरोबर वाटलं तुम्हाला,” मी म्हणाले, आणि शेजारची खुर्ची ओढून त्याच्या टेबलाच्या बाहेरच्या बाजूला बसले. “चूक माझी आहे. आता सांगा, काय अडलंय?”