एकशे दहा रिकामे प्रश्न

शिवकन्याला कमी गुण पडले, तेव्हा मी खापर आधी परीक्षेवर फोडलं, मग कॉम्प्युटरवर, मग पुण्याच्या क्लासवाल्यांवर. ते माझ्याच डोक्यावर फुटायचं होतं, हे कळायला मला पाच दिवस लागले.

मी सिद्धाराम, निवृत्त मास्तर. केज तालुक्यातल्या एका खेड्यात सव्वीस वर्षं गणित शिकवलं. आता केजला भावाच्या दुकानावरच्या खोलीत अभ्यासिका चालवतो. अभ्यासिका म्हणजे बारा टेबलं, दोन पंखे आणि माझी कटकट.

शिवकन्या माझ्या शाळेतली. वडील बंकट, आई केसरबाई, दोघं ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या आगेमागे निम्मा वर्ग आईबापांबरोबर ट्रॅक्टरवर बसून फडावर जायचा, तो उन्हाळ्यातच परत यायचा. आल्यावर चाचणी घेतली की ही पोरं न शिकलेल्या प्रश्नांचीही उत्तरं ठोकून मोकळी व्हायची. मग कुणाचं काय बुडालंय हे मला कळणार कसं? म्हणून मी नियम केला. येत नाही ते कोरं सोडायचं. कोरं सोडणाऱ्याला मी जवळ बसवून तेवढंच शिकवायचो, आणि ठोकणाऱ्याचे असलेले गुणही कापायचो. हा नियम शिवकन्यानं जितका मनावर घेतला तितका कुणीच घेतला नाही. तिचा पेपर बघून ती कुठल्या महिन्यात फडावर होती ते सांगता यायचं. मला त्या पोरीचा फार अभिमान होता, आणि तो मी गावभर बोलून दाखवायचो.

सहावीत असताना तिनं कारखान्याच्या ऑफिसात एक बाई बघितली होती. कुठल्या टोळीनं उद्या कुठल्या शेतात तोडायचं, ते ती बाई ठरवायची आणि मुकादम तिच्यापुढं उभे राहायचे. शिवकन्यानं थेट विचारलं, "मॅडम, तुमी काय शिकल्या?" बाई म्हणाल्या, एमबीए. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात ती तीन अक्षरं बसली. बारावी झाली, केजच्या कॉलेजातून बीकॉम झालं, आणि ती माझ्या अभ्यासिकेत येऊन बसली.

बंकट काही दुष्ट माणूस नाही. पण टोळीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघांनाही जावंच लागतं. तरण्या पोरीला मागं एकटी ठेवायची तर जीव टांगणीला, आणि बरोबर न्यायची तर त्याहून जास्त. म्हणून आमच्याकडं टोळी निघायच्या आत पोरींची लग्नं उरकतात. मी त्याच्या अंगणात बसून एक वर्ष मागून घेतलं. तो म्हणाला, "सर, तुमच्या शबुदावर थांबतो. दिवाळीच्या आत सरकारी कॉलेजात नंबर लागला तर जाऊ द्या पुण्याला. न्हाई लागला तर तलवाड्याचं स्थळ हाय, तिथं उरकतो." खाजगी कॉलेजच्या फीचा विषय त्यानंही काढला नाही आणि मीही नाही.

एप्रिलात एमबीएची प्रवेश परीक्षा कॉम्प्युटरवर झाली. दोनशे प्रश्न, अडीच तास. निकाल लागला, अठ्ठावन्न पर्सेंटाइल. सरकारी जागेला ऐंशीच्या वर तरी हवे होते. पाचव्या दिवशी माझी पुतणी प्रणिता अंबाजोगाईहून आली. हीच परीक्षा तिनं दोन वर्षांपूर्वी दिली होती. तिनं शिवकन्याची उत्तरं मोबाइलवर उघडली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"काका, हिनं एकशे दहा प्रश्न रिकामे कसे सोडले?"

"येत नसतील," मी ऐटीत म्हणालो. "आमच्या पोरी तुक्के मारत नाहीत."

"अहो पण या परीक्षेत चुकीला गुण कापत नाहीत! डोळे मिटून काहीतरी दाबलं असतं तरी वीसेक गुण वाढले असते. ऐंशीच्या पुढं गेली असती ही."

माहितीपत्रक मी वाचलं होतं. ते वाक्यही वाचलं होतं. वाचून पुढं गेलो होतो, कारण त्याचा माझ्या नियमाशी काही संबंध असेल असं मला वाटलंच नव्हतं.

मी शिवकन्याला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, चिडेल. ती एवढंच म्हणाली, "म्हंजी मी कोरं सोडलेलं कुणी बघतच न्हाई?" "नाही गं," मी म्हणालो. "तिथं कुणी बघत नाही." मला त्या वेळी स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून खाली दुकानात जाऊन उभा राहिलो.

यंदा ती परीक्षा दुसऱ्यांदा द्यायची मुभा होती, दोन्हींतले चांगले गुण धरणार होते. हाती तीन आठवडे होते. सव्वीस वर्षं जे मोडून काढलं तेच मी शिकवायला बसलो.

"हा येतो?"

"न्हाई सर."

"मग ठोक!"

"कोणतं ठोकू?"

"कोणतंही!"

"कोणतंही म्हंजी कोणतं, सर?"

प्रणिता हसून लोळायची. मीही हसायचो, पण आतून घाबरलेला असायचो. कारण मला दिसत होतं, तिचं बोट पर्यायापर्यंत जायचं आणि थांबायचं. ती प्रश्न परत वाचायची. शिकून घेऊ बघायची. एका प्रश्नाशी चार-चार मिनिटं झगडायची आणि मी ओरडायचो, "अगं, सोड त्याचा नाद!" ओरडलो की ती ताठ बसून दहा-बारा ठोकायची, आणि पुढचा परत कोरा. लहानपणी लावलेली सवय ती. मी इतकी चांगली लावली होती की आता मलाच ती निघेना.

मे महिन्यात दुसरी परीक्षा झाली. केंद्राबाहेर मी लिंबाखाली उभा होतो. ती आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "लई भरले सर. तीस-पस्तीस ऱ्हायले."

"वेळ संपला?"

"न्हाई. पाच मिनटं हुती. हात गेला न्हाई."

मी कुठल्या तोंडानं बोलणार?

निकाल आला, अठ्ठ्याहत्तर. अठ्ठावन्नावरून वीसनं वर. दुसऱ्या कुणाची पोर असती तर मी पेढे वाटले असते. एकेक फेरी झाली, याद्या लागल्या, आणि शेवटच्या फेरीत तिच्या प्रवर्गातली सरकारी जागा ऐंशीला बंद झाली. फोनवर यादी वरखाली करत मी तासभर बसलो, जणू नीट बघितलं तर आकडा बदलणार होता.

दसऱ्यानंतर मी बंकटच्या घरी गेलो. ट्रॅक्टर ठरला होता. तलवाड्याचे पाहुणे येऊन गेले होते. मी ठरवूनच गेलो होतो की सगळं सांगायचं आणि आणखी एक वर्ष मागायचं.

"बंकटराव," मी म्हणालो, "पोरीला येत होतं."

"मग नंबर कावून न्हाई लागला, सर?" त्यानं शांतपणे विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "येत हुतं तर लिवलं कावून न्हाई? मी कारखान्यापातुर समद्यास्नी सांगून बसलोय, आमची पोर लई हुशार हाय म्हनून."

मी तोंड उघडलं. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. त्या अंगणात सव्वीस वर्षं मला सर म्हणत होते, केसरबाई पदर सावरून माझ्यासाठी चहा आणत होती, आणि शब्द काही केल्या बाहेर येईना.

दारात शिवकन्या उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं.

"दादा, सरांनी लई शिकवलं," ती बापाला म्हणाली. "माझंच डोकं चाललं न्हाई."

बंकटनं मान डोलावली. डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाला, "सर, मग लग्नाला तुमीच पुढं ऱ्हावा. आमचं दुसरं कोन हाय मोठं?"

पोर माझ्यासाठी खोटं बोलली होती. मी ते खोडलं नाही. चहाचा कप हातात घेतला आणि म्हणालो, "राहतो की."